सूर्य बुडाला, दरवाजा बंद

मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाका. मोबाइलही. रायगडावर आज कोजागिरी आहे. महाराजांच्या राज्याभिषेकाला फार दिवस झालेले नाहीत, आणि बाजारपेठेत तुम्हाला धड उभं राहायलाही जागा नाही.

पाऊस नुकता सरलाय. आश्विनातलं ऊन दिवसभर काळ्या कातळात मुरलंय आणि आता ते तळपायांना खालून भाजतंय. एका बाजूला गुळाच्या ढेपा. दुसऱ्या बाजूला महाडच्या खाडीत गलबतातून उतरलेला, मग बैलांच्या पाठीवरून आणि शेवटी माणसांच्या डोक्यावरून इथवर चढलेला सुका बोंबील. त्यात घोड्यांची लीद, ओलं चामडं, कुठेतरी कढणारं लोणी. उमरठकडचा एक हशम ढालीच्या कडेने तुम्हाला बाजूला सारतो आणि मागे वळूनही बघत नाही. घाम पुसायला हात वर करावा, तर शेजारच्याची पगडी पडेल!

तेवढ्यात नगारा वाजतो. छातीत आधी जाणवतो, कानांत नंतर.

आता पळा. पाचाडला उतरणारे सगळेच पळताहेत. रिकाम्या घागरी खणखणताहेत, पायऱ्या उंच आहेत, गुडघे बोंब मारताहेत. दोन धिप्पाड बुरुजांच्या मधल्या वळणावर तुम्ही धापा टाकत पोहोचता, तर महादरवाजाच्या फळ्या मिटलेल्या. मागे अडसर सरकलेला. हवालदार स्वतःच्या हाताने कुलूप घालतो, ओढून बघतो, पुन्हा एकदा ओढतो. गडाच्या किल्ल्या त्याच्याच ताब्यात, आणि ते कुलूप आता सूर्य उगवल्यावरच निघणार.

“अहो, पण अजून लख्ख उजेड आहे!” तुम्ही म्हणता. खरंच आहे. हातावरच्या रेषा दिसताहेत.

हवालदार सूर्य बघतो, उजेड नाही. आणि त्याचं बरोबर आहे, असं मला मनापासून वाटतं. गड समुद्रसपाटीपासून ८०० मीटरहून उंच. इथून क्षितिज खाली जातं, त्यामुळे सूर्य समुद्रसपाटीपेक्षा तीनेक मिनिटं उशिरा बुडतो. खाली दरीतल्या वाड्यांवर मात्र कड्याची सावली कधीच पडलेली असते. डोळ्यांवर सोडलं तर प्रत्येक वाडीची रात्र वेगळी होईल. दाराला एकच रात्र लागते.

विमानवाल्यांनाही एकच लागते. त्यांची रात्र सूर्य दिसेनासा होताच सुरू होत नाही. सूर्यबिंबाचा मध्य क्षितिजाच्या ६ अंश खाली गेला की मग ती धरतात. पार उत्तरेला, नॉर्वेच्या ट्रोम्सोत, भर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. पण दुपारी तो क्षितिजाखाली तीनच अंशांवर असतो, म्हणून चारेक तास वैमानिकांचा हिशेब तिथे दिवसच मानतो. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा रात्रही नाही. आपल्याकडे नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांना सूर्यास्तानंतर साधारण २० मिनिटं मिळतात.

रायगडावर ते ६ अंश मोजायचे कसे? पाण्याने भरलेल्या घंगाळाकडे बघा. त्यात तांब्याची एक वाटी तरंगतेय, बुडाला बारीक भोक. आत चढणारं पाणी काठाशी आलं की वाटी डुबकन तळाला जाते. झाली एक घटका, २४ मिनिटं. लगेच टोल पडतो, वाटी उपसून पुन्हा सोडतात. सूर्याला मावळल्यापासून ते ६ अंश गाठायला सपाटीवर आज २२ मिनिटांच्या आसपास लागतात, गडावर थोडी कमी. म्हणजे नगाऱ्याला सोडलेली वाटी बुडायला टेकली की विमानवाल्यांची रात्र सुरू. गडाने आपली रात्र जवळजवळ वाटीभर आधीच सुरू केलीय. उजेड असताना कुलूप तपासता येतं, चेहरे ओळखता येतात.

“दादा, लेकरू एकलं हाय घरी,” शेजारून आवाज येतो. डोक्यावर चुंबळ तशीच, घागर काखेत. अंगाला दुधाचा आंबूस वास. बाई हुज्जत घालत नाही, रडतही नाही. एकदाच विचारते. पहारेकरी मान हलवतो. ती वळते आणि गर्दीतून पश्चिमेकडे निघते.

तिचं नाव हिरकणी. ही दंतकथा महाडकडच्या माणसाला लहानपणीच ऐकायला मिळते, आणि सांगणारे हमखास म्हणतात की कोजागिरीचं टिपूर चांदणं होतं. आता तुम्ही इथे आहात, तर तिच्या मागे जाऊन बघाच. पुनवेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो. म्हणजे तो गडाच्या पाठीमागे आहे. बाजारपेठ उजळलीय, दूध आटतंय, वेलदोड्याचा वास सुटलाय, पोरं ओरडताहेत. पश्चिमेचा हा कडा मात्र काळाठिक्कर, आणि मध्यरात्रीपर्यंत तो तसाच राहणार. चांदणं हिच्या वाट्याला आलेलंच नाही. ती हाताने चाचपत उतरतेय. पावसाने वाढलेलं गवत मुठीत धरून बघा. कातळावरून मुळांसकट निघून येतं. तेच धरून ती खाली गेलीय. खालून एक धोंडा गडगडत गेल्याचा आवाज येतो, मग काटक्या मोडल्याचा, मग बांगड्यांचा. बांगड्या वाजताहेत म्हणजे ती उतरतेय.

गोष्टीत पुढे महाराज तिचा सन्मान करतात आणि ती उतरली त्याच जागी बुरूज बांधायला सांगतात, कारण जिथून बाई उतरते तिथून शत्रू चढू शकतो. तुम्ही आत्ता नेमके तिथेच उभे आहात. बुरूज अजून बांधलेला नाही. दोन पावलं मागे या.