लाल बुरुजाखालचा उतार

रोथेनथुर्म म्हणजे लाल बुरूज. स्वित्झर्लंडच्या श्वित्स प्रांतातल्या या गावाला जुन्या तटबंदीतल्या बुरुजावरून हे नाव पडलं. २ मे १७९८ रोजी इथल्या उतारावर श्वित्सचा सेनापती आलॉइस फॉन रेडिंग याची माणसं उभी होती, बरीचशी गुरंढोरं सांभाळणारी, लोणी-चीज करणारी. समोर फ्रेंच फलटणी. लांबून बंदुका झाडत बसलो तर कवायती फौजेपुढे टिकाव लागणार नाही, हे रेडिंग जाणून होता. त्याने हल्ल्याचा हुकूम दिला आणि माणसं संगिनी रोखून उतारावरून धावत सुटली. फ्रेंच मागे हटले. जवळच्या मोर्गार्टेनलाही त्याच दिवशी त्यांची पीछेहाट झाली. तिथेच १३१५ साली या लोकांच्या पूर्वजांनी हाब्सबुर्गांच्या घोडेस्वारांना डोंगर आणि तळ्याच्या चिंचोळ्या वाटेवर गाठलं होतं.

रेडिंग १७६५ साली जन्मला. परक्या राजांच्या फौजेत चाकरी करणं हा त्याच्या घराण्याचा पिढीजात पेशा. तो स्वतः स्पेनच्या सैन्यात होता. त्याचा भाऊ थिओडोर तर पुढे १८०८ साली बाइलेनच्या लढाईत नेपोलियनच्या सेनापतीला शरण आणणाऱ्यांपैकी एक ठरला.

भांडण होतं ते राज्यघटनेवरून. मार्च १७९८ मध्ये बर्न फ्रेंचांच्या हाती पडलं. १२ एप्रिलला आराउ इथे हेल्व्हेटिक प्रजासत्ताक जाहीर झालं. घटनेचा मसुदा पॅरिसमध्ये तयार झालेला. शेकडो वर्षं आपला कारभार आपण पाहणारे प्रांत एका फटक्यात नुसते प्रशासकीय विभाग झाले. श्वित्सचे पुरुष उघड्या मैदानात लांड्सगेमाइंडे नावाची सभा भरवत आणि हात वर करून कायदे ठरवत. तीच सभा आता रद्द होणार होती.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या स्वतंत्र श्वित्सची स्वतःचीही अंकित गावं होती आणि त्यांना त्या सभेत हात वर करता येत नसे. नव्या घटनेने सर्वांना समान नागरिक मानलं, हे तिचं खरं मोल. पण ती संगिनीच्या टोकावर आली. डोंगरातल्या माणसाला ते सोसवलं नाही आणि त्याचा राग रास्तच होता.

रोथेनथुर्मचा विजय फार टिकला नाही. आइनझिडेल्नकडची वाट फ्रेंचांना मोकळी झाली, दारूगोळा आणि माणसं दोन्ही सरत आली. ४ मे रोजी सभेने जनरल शाउएनबुर्गच्या अटी मान्य केल्या: धर्मात ढवळाढवळ नाही, शस्त्रं लोकांकडेच राहतील. हरलेल्यांना अशा अटी सहसा मिळत नाहीत. शेजारच्या निडवाल्डनच्या वाट्याला हे आलं नाही. नव्या घटनेची शपथ घ्यायला नकार दिल्यावर ९ सप्टेंबरला तिथे फ्रेंच शिरले, घरं जाळली, बायकामुलांनाही मारलं.

रेडिंग मात्र थांबला नाही. १८०१ च्या अखेरीस तो त्याच प्रजासत्ताकाचा प्रमुख झाला आणि पॅरिसला जाऊन नेपोलियनला भेटला. एप्रिल १८०२ मध्ये तो ईस्टरसाठी घरी गेलेला असताना विरोधकांनी त्याला पदावरून काढलं. त्या उन्हाळ्यात फ्रेंच फौज निघून गेली, देशभर उठाव झाला आणि श्वित्समध्ये भरलेल्या उठावकऱ्यांच्या सभेची सूत्रं रेडिंगकडे आली. नेपोलियनने उठाव मोडायला जनरल ने याला पाठवलं. रेडिंगची रवानगी आरबुर्गच्या किल्ल्यात झाली.

फेब्रुवारी १८०३ मध्ये नेपोलियननेच नवी घटना दिली आणि प्रांतांना त्यांचे अधिकार परत मिळाले. श्वित्सचे लोक पुन्हा मैदानात जमू लागले. त्याच वर्षी त्यांनी आपला प्रमुख म्हणून आलॉइस रेडिंगला निवडलं.