मिठाच्या डोंगराखालचे गाव

मीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणातली मिठागरे येतात. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, ते उन्हात आटू द्यायचे आणि तळाशी साचलेले मीठ ओढून त्याच्या राशी घालायच्या. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला समुद्र फार दूर. तिथले मीठ डोंगराच्या पोटात आहे, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या समुद्राचे. डाखश्टाइन पर्वताच्या पायथ्याशी एक खोल तळे, मागे उभा कडा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरे. वस्ती साडेसातशेच्या आसपास. शेत काढावे एवढी सपाट जागाही नाही. तरीही इथे माणूस सात हजार वर्षांपूर्वी पोहोचला होता; सांबरशिंगाची तेवढी जुनी कुदळ गावाच्या वरच्या दरीत सापडली आहे.

त्या दरीत कांस्ययुगात रीतसर खाणकाम सुरू झाले आणि मिठाने त्याचा पुरावा जणू मुरवून ठेवला. लाकूड, कातडे, लोकर यांतले एरवी काहीच टिकत नाही; इथे सारेच टिकले. २००३ साली संशोधकांना खाणीत एक लाकडी जिना सापडला. त्याच्या लाकडातली वर्षवलये मोजली, तेव्हा ती झाडे इ.स.पूर्व १३४४ आणि १३४३ मध्ये तोडलेली निघाली. युरोपात सापडलेला हा सर्वांत जुना लाकडी जिना. त्याच्या पायऱ्या चढाच्या उतारानुसार फिरवून बसवता येत. पण मला त्याहून चकित करते ती तिथली पाठीवरची कातडी पिशवी. ती एका खांद्यावर पट्ट्याने अडकवायची आणि दुसऱ्या खांद्यावरून आलेली काठी हातात धरायची. काठी सोडली की पिशवी कलंडून मीठ आपोआप खाली पडते. ओझे उतरवून पुन्हा चढवण्याचे श्रम वाचवणारा तो अनाम कारागीर आज कुठल्याही कारखान्यात मान मिळवून गेला असता. त्याच दरीत लाकडी ओंडक्यांच्या हौदांत डुकराचे मांस खारवले जाई, म्हणजे मिठाबरोबर मिठाचा जोडधंदाही उभा होता.

पुढे लोहयुगात, इ.स.पूर्व आठव्या शतकापासून, गावाची भरभराट झाली. खाणीत लहान मुलाच्या पायाचा चामडी जोडा सापडला आहे; त्यावरून ही भरभराट कुणाच्या कष्टांवर उभी होती याचाही अंदाज येतो. दरीतल्या त्या काळच्या दफनभूमीत मात्र बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर आहे, आफ्रिकेतले हस्तिदंतही आहे. इ.स.पूर्व चौथ्या शतकात दरड कोसळून ही खाण गाडली गेली.

मधली अनेक शतके आपण झपाट्याने ओलांडू. चौदाव्या शतकाच्या आरंभी खाणकामाची घडी नव्याने बसली आणि १३११ मध्ये राजा आल्ब्रेख्ट याची विधवा राणी एलिझाबेथ हिने गावाला बाजारपेठेचे हक्क दिले. मीठ मात्र हॅब्सबर्ग राजघराण्याच्या मक्तेदारीत गेले. मिठावर सरकारी हक्क काय असतो, हे मराठी वाचकाला १९३० च्या सत्याग्रहामुळे निराळे सांगायला नको. एव्हाना खडा फोडून काढण्याऐवजी डोंगरात पाणी सोडून खारे पाणी बाहेर काढण्याची पद्धत रुळली होती. ते उकळायला लागणारे सरपण आसपास पुरेना, तेव्हा झाडे पाण्याकडे आणण्याऐवजी पाणीच झाडांकडे नेण्याचे ठरले. १५९५ ते १६०७ या काळात सुमारे तेरा हजार खोडे पोखरून एबेनझे गावापर्यंत चाळीस किलोमीटरची नळी टाकली गेली. जगातल्या सर्वांत जुन्या औद्योगिक वाहिन्यांत तिची गणना होते.

१७३४ हे साल गावाच्या बखरीत दोनदा येते. त्या वर्षी खाणीत मिठात रुतलेले एका प्राचीन माणसाचे प्रेत सापडले. तो ख्रिस्ती नसणार, म्हणून त्याला गावच्या दफनभूमीच्या कडेला पुरून टाकले. आज त्याचा एक केसही अभ्यासाला उरलेला नाही. त्याच वर्षी या मिठाच्या मुलखातल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना सरकारने ट्रान्सिल्व्हानियात हद्दपार करायला सुरुवात केली. त्यानंतर १७५० च्या आगीत बाजारपेठ जळाली. मीठ उकळण्याची भट्टी गावाबाहेर लाहान भागात गेली आणि चौक नव्याने बांधला गेला. आज ज्या दृश्याला ‘प्राचीन हालश्टाट’ म्हणून दाद मिळते, ते मुख्यतः त्या आगीनंतरचे आहे.

गावाला जगाच्या नकाशावर आणले ते योहान गेओर्ग रामझाउअर या खाण-अधिकाऱ्याने. १८४६ पासून १८६३ पर्यंत त्याने दरीतल्या प्राचीन दफनभूमीतल्या ९८० कबरी उकरल्या आणि एकेका कबरीची जलरंगातली चित्रे करवून घेतली. छायाचित्रण अजून बाल्यावस्थेत असताना ही शिस्त विलक्षण म्हणावी लागते. १८५६ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ हे उत्खनन पाहायला आले. पुढे युरोपातल्या आरंभीच्या लोहयुगालाच या गावाचे नाव मिळाले. १८७७ मध्ये पलीकडच्या काठाने रेल्वे आली, १८९० मध्ये गावापर्यंत रस्ता झाला. तोवर नावेनेच किंवा डोंगरवाटेने यावे लागे.

रस्त्याने आलेला माणूस १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर लोंढा झाला. २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या गावाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली, तीही खनिज व्यापारातल्या एका सरकारी कंपनीच्या पैशाने! गर्दीच्या दिवशी मूळ गावात दहा हजारांपर्यंत माणसे उतरतात. २०२३ मध्ये फोटो काढणाऱ्यांना आवरण्यासाठी तळ्याकाठी लाकडी कुंपण घातले, ते टीका होताच काढले. त्याच वर्षी रहिवाशांनी रस्त्यावर उतरून या गर्दीचा निषेध केला. पर्यटनाने शांत गाव नासले, हे रडगाणे मला पटत नाही; हे गाव तीन हजार वर्षे बाहेरच्या गिऱ्हाइकावरच जगत आले आहे. फरक एवढाच की पूर्वी माल गिऱ्हाइकाकडे जाई, आता गिऱ्हाईकच उंबऱ्यावर उभे राहते. रहिवाशांची तक्रार म्हणूनच खरी आहे.

तुम्ही गेलात, तर तासाभराच्या बसफेरीने जाऊ नका. रेल्वेने उतरून होडीने तळे ओलांडा, रात्रभर राहा आणि चौकाआधी वर डोंगरावर जा. तो जिना खाणीतच जपून ठेवला आहे, आणि त्या डोंगरातून मीठ आजही निघते.