दोन यंत्रे, एक मतदार

नांदेड लोकसभा मतदारसंघातील मतदाराने २० नोव्हेंबर २०२४ रोजी एकाच खोलीत, काही क्षणांच्या अंतराने, दोन वेळा बटण दाबले. एका यंत्रावर पांढरी मतपत्रिका होती, दुसऱ्यावर गुलाबी. पांढरी लोकसभेच्या पोटनिवडणुकीची, गुलाबी विधानसभेची. तीन दिवसांनी मोजणी झाली तेव्हा भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीला मिळाल्या होत्या; चार भाजपला, दोन शिवसेनेला. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी १,४५७ मतांनी जिंकली. मतदार तेच, खोली तीच, बोटावरची शाई तीच. निकाल दोन.

हा निकाल कानी आला तेव्हा पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची होते तीच आमचीही झाली: कुठेतरी काही गडबड असावी. नंतर आम्हांस या प्रतिक्रियेचेच आश्चर्य वाटू लागले. दोन वेगवेगळ्या प्रश्नांना दोन वेगवेगळी उत्तरे आली, तर त्यात गडबड ती कोणती? विसंगती मतदाराच्या मनात होती, की त्याच्याकडे पाहणाऱ्या आपल्या नजरेत? या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ शब्दापासूनच करावा लागेल, कारण या कृतीला मराठीत नीट नाव नाही. 'मतविभाजन' म्हणावे तर त्याचा रूढ अर्थ निराळा. दोन समविचारी उमेदवारांत मते वाटली गेली की आपण तो शब्द वापरतो. 'दुहेरी मतदान' म्हणावे तर तो गुन्हा. 'मते फुटली' या प्रयोगात तर दगाबाजीचा वास आहे. जणू मत हे पक्षाच्या मालकीचे मडके, आणि ते कोणीतरी फोडले. अमेरिकेत यासाठी जो वाक्प्रचार आहे त्याचा अर्थ 'तिकीट फाडणे' असा होतो, आणि त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडे मतपत्रिका सरकार छापीत नसे, पक्ष छापीत. अध्यक्षापासून गावच्या अधिकाऱ्यापर्यंत आपल्या सर्व उमेदवारांची नावे असलेला कागद पक्षाचा कार्यकर्ता मतदाराच्या हाती ठेवी. त्याचेच नाव तिकीट. एखादा उमेदवार नको असेल तर मतदाराने ते नाव खोडावे किंवा त्यावर दुसऱ्या नावाची चिठ्ठी चिकटवावी, आणि हे सारे बहुधा कार्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत. १८८८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी छापील मतपत्रिका आणि गुप्त मतदान यांचा कायदा केला, पाठोपाठ इतर राज्यांनीही तो मार्ग धरला, आणि मग कोठे वेगवेगळ्या पक्षांची माणसे निर्धास्तपणे निवडणे मतदाराला शक्य झाले. आपल्याकडे तिकीट उमेदवाराला मिळते; तिकडे ते मतदाराच्या हाती असे. पण मुद्दा दोन्हीकडे एकच आहे. मत विभागून देण्याचे स्वातंत्र्य आणि मत झाकून देण्याचे स्वातंत्र्य ही सख्खी भावंडे आहेत.

भारतीय मतदाराला हे स्वातंत्र्य पहिल्या दिवसापासून मिळाले. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह. लोकसभेच्या पेट्या वेगळ्या, विधानसभेच्या वेगळ्या. अक्षरओळख नसलेल्या मतदाराने बैलजोडीच्या पेटीत एक कागद टाकून दुसरा झोपडीच्या पेटीत टाकला, तर त्याला अडविणारे कोणी नव्हते. १९६७ पर्यंत बहुतेक ठिकाणी दोन्ही निवडणुका एकत्रच झाल्या. त्यानंतर काही विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाल्या, १९७१ साली लोकसभेची निवडणूकही वर्षभर आधी घेण्यात आली, आणि दोन्हींची जोडी मोडली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९७१ साली लोकसभा आणि १९७२ साली विधानसभा अशी ताटातूट झाली, ती १९९९ पर्यंत बव्हंशी टिकली.

१९९९ चे प्रकरण मुळातून पाहण्याजोगे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले. मे ते जुलै या काळात कारगिलचे युद्ध झाले. जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन केला, म्हणजे विरोधक दुभंगले. राज्यात १९९५ पासून शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते आणि त्याची मुदत पुढच्या वर्षीपर्यंत होती. तरीही विधानसभा आधीच विसर्जित करून तिची निवडणूक लोकसभेबरोबर सप्टेंबरमध्ये घेण्यात आली. हिशेब सरळ होता: दिल्लीच्या वाऱ्यावर मुंबईचे शीडही भरून घ्यावे.

वारा आला, शीड मात्र भरले नाही. लोकसभेच्या ४८ जागांपैकी युतीला २८ मिळाल्या. काँग्रेस आणि राष्ट्रवादी स्वतंत्रपणे लढले, त्यांना अनुक्रमे १० आणि ६. विधानसभेच्या २८८ जागांत काँग्रेस ७५, शिवसेना ६९, राष्ट्रवादी ५८, भाजप ५६. म्हणजे दिल्लीसाठी निम्म्याहून अधिक जागा देणाऱ्या मतदाराने मुंबईसाठी त्याच युतीला १२५ वर रोखले. निवडणुकीत परस्परांविरुद्ध लढलेले दोन्ही काँग्रेस पक्ष ऑक्टोबरमध्ये एकत्र आले आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

येथवरची कथा सर्वपरिचित आहे. पण जागांऐवजी मतांकडे पाहिले की ती थोडी बदलते. युतीला लोकसभेसाठी सुमारे ३८ टक्के मते पडली, विधानसभेसाठी सुमारे ३२. सहा टक्क्यांची ही गळती विरोधकांकडे गेली असावी, असे कोणीही गृहीत धरील. तसे झाले नाही. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची बेरीज लोकसभेला सुमारे ५१ टक्के होती, ती विधानसभेला पन्नासच्या किंचित खालीच राहिली. विधानसभेत दोन्ही बाजूंची मते घटली आणि वाढली ती अपक्षांची, बंडखोरांची आणि छोट्या पक्षांची. या चार पक्षांबाहेरचे तीस आमदार निवडून आले. तेव्हा 'मतदाराने केंद्रात युती आणि राज्यात काँग्रेस निवडली' हे वाक्य निकालाचे वर्णन म्हणून ठीक आहे. मतदाराच्या हेतूचे वर्णन म्हणून ते फसवे आहे. पुष्कळांनी केले ते एवढेच: दिल्लीसाठी पक्ष पाहिला, मुंबईसाठी माणूस पाहिला. हा माणूस कधी पक्षात होता, कधी पक्षाने तिकीट नाकारल्यामुळे पक्षाबाहेर.

ही सवय मतदाराला कोठून लागली? आमच्या मते तिची शाळा विधानसभेहूनही खाली आहे. ग्रामीण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक आणि पंचायत समितीच्या गणासाठी एक, अशी दोन मते एकाच वेळी देण्याची रीत आहे. मुंबईबाहेरच्या बहुतेक महापालिकांत २०१७ साली चार सदस्यांचे प्रभाग होते; एका मतदाराला चार मते. २०१६ साली नगराध्यक्षाची निवड थेट जनतेतून झाली, तेव्हा नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, असे चित्र अनेक गावांत दिसले. पाण्याची पाळी, रस्त्याची डागडुजी, दाखल्यावरची सही यांसाठी कोणाच्या दारी जावे लागते, हे ज्याला रोज ठाऊक असते, त्याला मते वेगवेगळ्या दारी ठेवण्यात नवल वाटत नाही. विद्वानांना ज्या वर्तनासाठी सिद्धान्त शोधावा लागतो, ते गावच्या चावडीवर व्यवहारज्ञान म्हणून खपते.

महाराष्ट्राबाहेरचा एक दाखला येथे तपासून पाहणे इष्ट. ओडिशात लोकसभा आणि विधानसभा या निवडणुका कित्येक वर्षे एकत्र होत आल्या आहेत. २०१९ साली तेथे भाजपला लोकसभेसाठी ३८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि २१ पैकी ८ जागा. विधानसभेसाठी मात्र साडेबत्तीसच्या आसपास मते आणि १४७ च्या सभागृहात अवघ्या २३ जागा. नवीन पटनायक २००० पासून मुख्यमंत्री होते, ते पुन्हा झाले. पुढच्याच निवडणुकीत, २०२४ साली, भाजपने लोकसभेच्या २१ पैकी २० जागा घेतल्या आणि विधानसभेतही ७८ जागा मिळवून सत्ता हस्तगत केली. त्याही वेळी बिजू जनता दलाला लोकसभेत एकही जागा मिळाली नाही, विधानसभेत मात्र ५१ मिळाल्या. म्हणजे विभागलेले मत हे कोणाला दिलेले कायमचे वचन नव्हे. २०१९ साली ज्या मतदाराने पटनायकांना राष्ट्रीय लाटेपासून वाचविले, त्याच्यापैकी काहींनी पाच वर्षांनी त्यांना घरी बसविले. दोन्ही वेळा प्रश्न दोन होते. दुसऱ्या वेळी उत्तरे एकमेकांच्या अधिक जवळ आली, एवढेच.

आता नांदेडकडे परत येऊ. जून २०२४ मध्ये काँग्रेसचे वसंतराव चव्हाण येथून ५९,४४२ मतांनी निवडून आले. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र उभे राहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले होते. जुलैपासून राज्य सरकारची लाडकी बहीण योजना सुरू झाली होती आणि महिना पंधराशे रुपये खात्यात येऊ लागले होते. यांपैकी कोणत्या कारणाने किती मते हलविली, हे सांगण्याचा मोह आम्ही टाळू. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पाच महिन्यांत साठ हजारांची आघाडी दीड हजारावर आली. म्हणजे विधानसभेचा वारा पांढऱ्या मतपत्रिकेपर्यंतही पोचलाच होता. फक्त तो सर्वांच्या बोटापर्यंत पोचला नाही. काही हजार माणसांनी पहिल्या यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंतच्या चार पावलांत आपले मन वेगळे ठेवले. पंधराशे रुपये देणारे सरकार गुलाबी मतपत्रिकेवर होते. दिवंगत खासदाराच्या जागेचा प्रश्न पांढऱ्या मतपत्रिकेवर. कृतज्ञता आणि सहानुभूती यांची दोन खाती कोणी वेगळी ठेवली असतील, तर त्यास गोंधळ म्हणता येणार नाही.

या साऱ्यास आज एक वेगळे वजन आले आहे. रामनाथ कोविंद समितीने मार्च २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांची शिफारस करणारा अहवाल दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले जाऊन संयुक्त समितीकडे गेले. या वादात विरोधक एक भीती बोलून दाखवितात: दोन्ही मते एकाच दिवशी आली तर केंद्रातील लाट राज्याला गिळील. ही भीती निराधार नव्हे. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने २०१५ साली मांडलेल्या अभ्यासात १९९९ ते २०१४ या काळातील एकत्र निवडणुकांत दोन्हीकडे एकच पक्ष निवडला जाण्याची शक्यता ७७ टक्के आढळली होती. सोयीचा युक्तिवाद करणारे आणि भीती बाळगणारे, दोघेही या ७७ कडे बोट दाखवितात. आम्हांस उरलेल्या २३ ची चिंता अधिक वाटते. कारण कायद्याने दोन यंत्रे शेजारी ठेवता येतात. दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचे काम मात्र प्रचाराला, वृत्तपत्रांना आणि उमेदवारांना करावे लागते. दिवसरात्र एकाच चेहऱ्याची आणि एकाच घोषणेची चर्चा झाली, तर दुसरा प्रश्न विचारलाच जाणार नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मतदार तरी कसे देईल?

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे: मतदान हे निनावी लेखन आहे आणि निकाल लागल्यावर आपण सारे त्याचे टीकाकार होतो. टीकाकाराची जुनी खोड म्हणजे अनेक हातांनी लिहिलेल्या मजकुराला एकच लेखक आणि एकच हेतू चिकटविणे. 'जनतेने कौल दिला' हे वाक्य त्याच खोडीतून येते. आपल्या राजकीय कादंबरीचेही थोडेबहुत असेच झाले. अरुण साधूंच्या 'सिंहासन'ने मंत्रालयाचे दालन मराठी वाचकाला आतून दाखविले, ते महत्त्वाचेच होते. पण मतदान केंद्राच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा असलेला माणूस आपल्या कथनात अजून पुरता आलेला नाही. तेथे तो मिनिटभरच असतो, एकटा असतो, आणि बाहेर आल्यावर कार्यकर्त्याने विचारले तर हसून मान डोलावतो. ती मान होकाराची होती की नकाराची, हे त्याच्याखेरीज कोणालाही कळू नये, यासाठीच तो आडोसा उभारला आहे.