तळेगावचा काचकारखाना आणि विद्यापीठीय ज्ञान

विद्यापीठाचा प्रदेशाच्या अर्थजीवनावर होणारा परिणाम केवळ पदवीधरांच्या संख्येवरून मोजता येत नाही. मावळातील तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली निघालेला पैसाफंड काचकारखाना या दृष्टीने विचारार्ह आहे. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून त्याचे भांडवल उभे राहिले. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. भांडवल महाराष्ट्राचे होते, विद्या मात्र दुरून आणावी लागली. जपानात आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याची उभारणी केली. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रविद्येचा विभाग निघाला तो १९३३ साली, म्हणजे तळेगावची भट्टी पेटल्यानंतर पंचवीस वर्षांनी.

या कारखान्याने मालाबरोबर कारागीरही घडविले. त्यांचे कौशल्य पुढे इतरत्रच्या कारखान्यांस उपयोगी पडले. स्वतः वार्ष्णेयही नंतर संयुक्त प्रांतात गेले. ज्ञान आले तसेच ते पुढेही गेले. सारांश, विद्यापीठ जवळ असणे पुरेसे नाही आणि अपरिहार्यही नाही. त्याची विद्या कारागिराच्या हाती उतरविणारी आणि तो हात त्या भूमीत टिकवून धरणारी संस्था असणे, हेच प्रादेशिक विकासाचे खरे गमक होय.