ऑनलाइन सांघिक बुद्धिबळ आणि महाराष्ट्रातला प्रेक्षक

दोन देशांच्या संघांनी समोरासमोर न येता बुद्धिबळ खेळायचे, ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. १८९७ साली ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाचे आणि अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य समुद्राखालून गेलेल्या तारेवर एकमेकांशी खेळले. दुसरे महायुद्ध संपताच, सप्टेंबर १९४५ मध्ये, सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यात रेडिओवरून सामना झाला. दहा पट मांडलेले, प्रत्येक पटावर दोन डाव. सोव्हिएत संघाने तो साडेपंधरा विरुद्ध साडेचार गुणांनी जिंकला. या सामन्यांत चाल खेळणाऱ्यापर्यंत काही मिनिटांत पोचत असे. दूरदेशीच्या सामान्य रसिकाला मात्र ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातच सापडायची.

महाराष्ट्रातला बुद्धिबळाचा रसिक असा छापील चालींवरच वाढला. वर्तमानपत्रात आलेला डाव कापून ठेवायचा, घरच्या पटावर मोहरी लावायची आणि एकेक चाल खेळून पाहायची, हीच त्याची सामना बघण्याची रीत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा वर्षानुवर्षे भरवल्या. तिथे मोठ्या खेळाडूंच्या पाठीमागे उभे राहून पट न्याहाळण्याचे भाग्य काहींना लाभले. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते झाले. पुढे वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिलांचे बुद्धिबळ गाजवले. त्यांचे वडील नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक असल्याने मुंबईच्या मराठी वाचकाला पटावरच्या बातम्या सवयीच्या झाल्या. पण या सगळ्या कौतुकात व्यक्ती दिसत असे, संघ दिसत नसे. देशोदेशींच्या संघांची स्पर्धा असलेले ऑलिम्पियाड भारताने १९५६ साली मॉस्कोत पहिल्यांदा खेळले, तरी कितीतरी वर्षे त्या स्पर्धेची बातमी चार ओळींत आटपायची. आपला संघ खेळतो आहे आणि आपण तो बघतो आहोत, हा क्रिकेटमधला अनुभव बुद्धिबळात मिळायला २०२० साल उजाडावे लागले.

त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि जगभरच्या स्पर्धा थांबल्या. विश्वनाथन आनंद जर्मनीत अडकून पडला होता. तो मे महिन्याच्या अखेरीस मायदेशी परतला. एप्रिलमध्ये त्याने, कोनेरू हम्पीने, हरिकृष्णाने, हरिका द्रोणावल्लीने, अधिबानने आणि नाशिकच्या विदित गुजराथीने चाहत्यांशी ऑनलाइन डाव खेळून पीएम केअर्ससाठी साडेचार लाख रुपये जमवले. त्याच सुमारास समय रैना या विनोदी कलाकाराने यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला घेतले आणि विदित त्याच्या कार्यक्रमांत वरचेवर दिसू लागला. ज्यांना घोड्याची चाल धड ठाऊक नव्हती अशी हजारो तरुण मुले रात्री उशिरापर्यंत ते बघत बसत. सागर शहा आणि अमृता मोकल यांनी उभ्या केलेल्या ‘चेसबेस इंडिया’ने या गर्दीला खेळ समजावून सांगण्याचे काम केले. प्रेक्षक असा आधीच तयार होत होता. त्याला आपला म्हणावा असा संघ तेवढा हवा होता.

मे २०२० मध्ये ‘ऑनलाइन नेशन्स कप’ झाला. रशिया, अमेरिका, चीन, भारत, युरोप आणि उरलेले जग असे सहा संघ होते. अजिंक्यपद चीनने मिळवले आणि भारत पाचवा आला. या निकालाने कुणी हरखून गेले नाही. पण भारताचा संघ पडद्यावर थेट बघता येतो, हे त्या पाच-सहा दिवसांत लोकांना कळले.

त्यानंतर जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, पहिले ऑनलाइन ऑलिम्पियाड जाहीर केले. २५ जुलै ते ३० ऑगस्ट २०२० या काळात चेस डॉट कॉमवर झालेल्या या स्पर्धेत १६३ संघ उतरले. प्रत्येक सामन्यात सहा पट होते : दोन पुरुषांचे, दोन महिलांचे, एक वीस वर्षांखालच्या मुलाचा आणि एक त्याच वयोगटातल्या मुलीचा. प्रत्येक खेळाडूला पंधरा मिनिटे आणि दर चालीला पाच सेकंद जादा. लोकांना हा खेळ आवडला त्याचे मोठे श्रेय या रचनेला द्यायला हवे. नेहमीच्या ऑलिम्पियाडमध्ये खुला गट आणि महिला गट वेगळे असतात आणि बातमीदाराची नजर पहिल्याकडेच जाते. इथे शाळकरी मुलीच्या गुणाला आनंदच्या गुणाइतकेच वजन होते. शिवाय डाव तासाभरात संपायचा, त्यामुळे संध्याकाळी घरच्यांसोबत बसून अख्खा सामना बघता येई.

भारतीय संघाचा कर्णधार विदित होता आणि न खेळणारा उपकर्णधार श्रीनाथ नारायणन. मुलींच्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख खेळत होती, तेव्हा वय चौदा. महिलांच्या राखीव फळीत गोव्याची भक्ती कुलकर्णी होती. मराठी घरांतला जिव्हाळा विदित, दिव्या आणि भक्ती या तीन नावांभोवती गोळा झाला. २३ ऑगस्टला गटातल्या शेवटच्या फेरीत गाठ बलाढ्य चीनशी पडली. वरचे चार डाव बरोबरीत सुटले. प्रज्ञानंदने लिऊ यानला आणि दिव्याने झू जिनरला हरवले. भारताने सामना ४-२ असा जिंकला तो दोन लहानग्यांच्या जिवावर. दिव्याचे नाव नागपूरबाहेरच्या मराठी माणसाच्या तोंडी बसायला याच संध्याकाळी सुरुवात झाली, असे म्हणायला हरकत नाही.

उपांत्यपूर्व लढतीत आर्मेनियाविरुद्धची पहिली फेरी भारताने निसटती जिंकली. त्या फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूचे इंटरनेट तुटले होते. त्यांची तक्रार फेटाळली गेली आणि त्यांनी निषेध म्हणून दुसरी फेरी खेळायचे नाकारले. पोलंडविरुद्ध उपांत्य सामन्यात भारत पहिली फेरी ४-२ ने हरला, दुसरी साडेचार-दीडने जिंकला आणि निर्णय आर्मागेडनच्या, म्हणजे निकाल लावणाऱ्या एकाच डावावर आला. हम्पीने मोनिका सोचकोला हरवून संघाला अंतिम फेरीत नेले.

३० ऑगस्टचा अंतिम सामना रशियाशी होता. पहिल्या फेरीतले सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या फेरीच्या ऐन मोक्याला इंटरनेटच्या जागतिक जाळ्यातच बिघाड झाला. निहाल सरीन आणि दिव्या यांचा पटाशी संपर्क तुटला. डाव मध्यावर होते आणि घड्याळे मात्र चालू होती. पडद्यावर मोहरी जागची हलत नव्हती आणि वेळ सरत होता. दोघेही वेळेवर हरले आणि सुरुवातीला रशियाला विजयी घोषित केले गेले. भारताने दाद मागितली, आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. तरी दोन अल्पवयीन खेळाडूंचे डाव जगाच्या दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या यंत्रांमुळे गेले असताना एकट्या रशियाला सुवर्ण देणे न्याय्य ठरले नसते. पदके डिसेंबरमध्ये रशियाहून आली आणि ती सोडवून घ्यायला श्रीनाथ नारायणनना सीमाशुल्क भरावे लागले. तेव्हा हा विजय पुन्हा एकदा बातम्यांत आला.

इंटरनेट तुटणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या डोंगरी भागाला समजावून सांगावे लागत नाही. नाशिक आणि अकोले तालुक्यातले राजूर यांच्यामध्ये कळसूबाईची रांग उभी आहे. राजूर ही आदिवासी भागाची बाजारपेठ. भंडारदऱ्याकडच्या वाड्यांमध्ये मोबाइलची रेंज डोंगराच्या कलाने येते-जाते, आणि टाळेबंदीत ऑनलाइन शाळेची खरी अडचण हीच होती. ऑनलाइन बुद्धिबळाने अंतर पुसले हे खरे. पण ते पुसले जाते टॉवरच्या टप्प्यात राहणाऱ्यांपुरते. शालेय क्रीडा स्पर्धांत तालुक्यापासून राज्यापर्यंत बुद्धिबळ असते, त्यामुळे अशा भागातल्या मुलाला पट अनोळखी नाही. अनोळखी असतो तो सलग तासभर टिकणारा सिग्नल.

ऑनलाइन ऑलिम्पियाडनंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये, आशियाई ऑनलाइन नेशन्स कपमध्ये भारतीय महिलांनी सुवर्ण आणि पुरुषांनी रौप्य मिळवले. महिला संघात भक्ती कुलकर्णीही होती. २०२१ च्या दुसऱ्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारत उपांत्य फेरीत अमेरिकेकडून अतिजलद (ब्लिट्झ) डावांच्या टायब्रेकमध्ये हरला आणि कांस्यपदकाचा मानकरी ठरला. तोवर पटावरच्या स्पर्धा हळूहळू सुरू होत होत्या आणि ऑनलाइन ऑलिम्पियाड पुढे झाले नाही.

तरी ऑनलाइन सांघिक सामन्यांचा हा प्रकार एका ठिकाणी रुजला, आणि त्या ठिकाणाकडे एरवी क्रीडा पानांचे लक्ष जात नाही. फिडेने शिकागोच्या कुक काउंटी शेरीफ कार्यालयाच्या साथीने कैद्यांसाठी उपक्रम सुरू केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तुरुंगांच्या संघांची आंतरखंडीय ऑनलाइन स्पर्धा भरू लागली. कैद्याला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत ऑनलाइन सामना हा तात्पुरता पर्याय उरत नाही, दुसरा मार्गच नसतो. पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात इंडियन ऑइलच्या ‘परिवर्तन’ उपक्रमातून बुद्धिबळाचे प्रशिक्षण सुरू झाले आणि ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांचे मार्गदर्शन त्याला मिळाले. २०२३ च्या स्पर्धेत येरवड्याच्या बंदिवानांच्या संघाने भारतासाठी सुवर्णपदक जिंकले. ऑनलाइन सांघिक बुद्धिबळाच्या मराठी इतिहासात २०२० च्या सुवर्णाशेजारी याची नोंद व्हायला हवी. विदित आणि दिव्या काही महिन्यांनी पुन्हा खऱ्या पटावर बसणारच होते. येरवड्यातल्या खेळाडूंना जगाशी खेळायला तेवढी एकच खिडकी होती.

टाळेबंदीत जमलेला प्रेक्षक पुढे पटाबरोबर गेला. २०२२ चे ऑलिम्पियाड रशियाकडून भारतात आले आणि मामल्लपुरमला भरले. त्याची मशाल देशातल्या ७५ शहरांतून फिरली. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवले. खुल्या संघात विदित होता, महिला संघात दिव्या होती आणि महिला संघाचा कर्णधार अभिजित कुंटे होता. जुलै २०२५ मध्ये बातुमीला दिव्याने महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हम्पीला हरवले आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. पाच वर्षांपूर्वीच्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये त्या दोघी एकाच संघात खेळल्या होत्या. त्या वेळी त्यांचे डाव मोबाइलवर बघितलेल्या मराठी रसिकांसाठी बातुमीच्या अंतिम फेरीत दोन्ही बाजू ओळखीच्या होत्या.