रॉबर्ट हार्टिंग: फाटलेला शर्ट आणि पुठ्ठ्याचे चष्मे

थाळीफेक हा काही गर्दी खेचणारा खेळ नाही. शंभर मीटरची शर्यत सुरू झाली की कॅमेरा तिकडे वळतो. थाळी कुठे पडली ते आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. तरीही जर्मनीतल्या क्रीडा पत्रकारांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं एका थाळीफेकपटूला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. फुटबॉलच्या देशात! आणि २०१४ साली तर त्यांनी विश्वचषकही जिंकला होता.

हा रॉबर्ट हार्टिंग. २०१८ मध्ये निवृत्त झाला, पण लोकांच्या मनातून उतरलेला नाही. का?

पदकं आहेतच. २००९, २०११, २०१३ची जागतिक अजिंक्यपदं. २०१२ला लंडनमध्ये ६८.२७ मीटर, इराणच्या एहसान हदादीपेक्षा अवघे ९ सेंटिमीटर जास्त, आणि सुवर्ण. मग त्याने अंगावरचा शर्ट टराटरा फाडला, झेंडा पाठीवर घेतला आणि बायकांच्या शर्यतीसाठी मांडलेल्या अडथळ्यांवरून उड्या मारत धावला. ते चित्र लोक विसरत नाहीत. पण नुसत्या पदकांनी भागत नाही. २०१६ला रिओमध्ये त्याचाच धाकटा भाऊ क्रिस्टोफ ६८.३७ मीटर फेकून सुवर्ण जिंकला. राष्ट्रगीत चालू असताना तो व्यासपीठावर चुळबुळ करत, डोलत राहिला, आणि घरी कौतुकाऐवजी टीका वाट्याला आली. घर एक, खेळ एक, पदक एक.

माझ्या मते खरं कारण थोरल्याच्या तोंडात आहे. हा माणूस बोलतो. २०१४ साली जागतिक संघटनेच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत उत्तेजकांसाठी शिक्षा भोगलेल्या जस्टिन गॅटलिनचं नाव आलं, तेव्हा हार्टिंगने त्या यादीतून स्वतःचं नाव काढायला सांगितलं. २०१६ला रशियाच्या प्रश्नावर त्याने ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांना, म्हणजे आपल्याच देशाच्या माणसाला, उघड धारेवर धरलं.

पण थांबा. हाच माणूस २००९ला काय बोलला होता?

बर्लिनची जागतिक स्पर्धा. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजनेखाली खेळाडूंना, अगदी कोवळ्या मुलींनाही, हार्मोनच्या गोळ्या दिल्या जात. ‘व्हिटॅमिन’ सांगून. त्यातून ज्यांची शरीरं कायमची बिघडली, त्यांनी स्टेडियमबाहेर निषेध म्हणून पुठ्ठ्याचे चष्मे वाटले. हार्टिंगचे प्रशिक्षक वेर्नर गोल्डमान यांच्यावर त्याच काळातले आरोप होते. शिष्य भडकला. आपली थाळी उसळून त्या चष्म्यांवर आदळावी, अशा अर्थाचं तो बोलून गेला. पुढे दिलगिरी व्यक्त केली. पण अंतिम फेरीत शेवटच्या प्रयत्नात ६९.४३ मीटर फेकून पोलंडच्या मालाखोव्स्कीला मागे टाकलं, स्पर्धेच्या शुभंकर अस्वलाला खांद्यावर टाकून तो मैदानभर फिरला, आणि स्टेडियमने सगळं पोटात घातलं.

हे मला टोचतं. तो कॉटबुसचा, पूर्वेचाच. भिंत पडली तेव्हा पाच वर्षांचा होता. गोळ्या त्याने वाटल्या नव्हत्या. प्रशिक्षकावरची त्याची निष्ठा खरी होती. पण बाहेर चष्मे वाटणाऱ्या बायकांनी जे गमावलं होतं तेही खरंच होतं, आणि त्यांना शुभंकर मिळाला नाही.

२०१८च्या ऑगस्टमध्ये त्याच बर्लिनच्या स्टेडियममध्ये युरोपीय स्पर्धेत हार्टिंग सहावा आला. लोकांनी त्याला विजेत्यासारखा निरोप दिला. चष्म्यांची गोष्ट त्या रात्री फारशी कोणी काढली नाही.