धुळे कोणी वसवले?

धुळ्यात कुणालाही विचारा, या शहराची आखणी कोणी केली? उत्तर ठरलेले असते : विश्वेश्वरय्यांनी. समांतर रस्ते आणि नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहिल्या की ते पटतेही. पण तारखा जुळत नाहीत.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने 1819 मध्ये जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. गाव प्रांताच्या मध्यावर होते आणि आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. तेव्हा तिथे 401 घरे आणि 2,509 माणसे होती. ब्रिग्जने दुरून कारागीर आणले, घरांसाठी बिनसाऱ्याच्या जागा दिल्या, बांधकामाला उचल दिली. जुन्या धुळ्याशेजारी नवे धुळे उभे राहिले. विश्वेश्वरय्या तेव्हा जन्मलेही नव्हते. ते 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले. खानदेशात त्यांनी केलेले काम पाण्याचे आहे. पांझरेच्या पाटासाठी दातर्ती येथे त्यांनी सायफन बांधला. ते श्रेय त्यांचेच आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.

पण ब्रिग्जचे नाव लिहून तरी उत्तर पूर्ण होते का? आखलेल्या रस्त्यांनी गाव वसते, पोट भरत नाही. खानदेशात कापडाचा धंदा इंग्रजांच्या फार आधीचा. फारुकी सुलतानांचे थाळनेर सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवर होते आणि त्या वाटेने कापड परदेशी जात असे. नव्या धुळ्यातही सुती कापड, घोंगड्या, पागोटी विणली जात. विशेषतः 1857 नंतर उत्तरेकडून मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे आली. त्यांतली बरीच मालेगाव-भिवंडीत राहिली, काही धुळ्यात. 1900 मध्ये चाळीसगावहून रेल्वे आली, पुढे न्यू प्रताप मिल उभी राहिली, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. 1901 च्या जनगणनेत शहराची वस्ती 24,726 होती.

या वस्तीत उर्दू आणि अहिराणी एकाच ओट्यावर बोलल्या जातात. माझ्या वर्गात यंत्रमाग कामगारांची मुले आहेत. घरी अम्मी कांड्या भरते, अब्बा रात्रपाळीला मागावर उभे असतात. इतिहास म्हटला की या मुलांना किल्ले आणि बादशहा आठवतात. आपल्या आजोबांचा माग त्यांना इतिहास वाटत नाही, कारण पुस्तकात तो कुठे दिसलाच नाही.

ब्रिग्जचे हुकूम सरकारी दप्तरात आहेत. विणकरांच्या आठवणी मात्र घराघरांत आहेत आणि त्या सांगणारी माणसे आता थकली आहेत. घरात दादी-नाना असतील तर त्यांना आजच विचारा : आपण कुठून आलो, पहिला माग कोणत्या गल्लीत लावला? उत्तर वहीत उतरवून ठेवा. धुळ्याच्या इतिहासातले ते पान अजून कोरे आहे.